केबल ओढून बघा, मगच सॉफ्टवेअरचे पैसे द्या



काउंटरवर दुसरी स्क्रीन लावा, काम पटकन उरकतं, हे व्हिडिओत सांगितल्यापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "सर, दुसरा मॉनिटर लावला, पण लाइट जाऊन आली की बिलाची विंडो गायब होते. खाली टास्कबारवर दिसतंय की चालू आहे, क्लिक केलं तरी समोर येत नाही." कुणी माजलगावहून विचारतं, कुणी केजहून, कुणी आष्टीहून. आणि बहुतेकांनी त्यावर उपायही एकच काढलेला असतो : मॉनिटर काढला आणि कपाटावर ठेवून दिला. दोन-तीन हजारांची वस्तू धूळ खात पडली.

माझं मत आधीच सांगून टाकतो. यात दोष तुमचा नाही आणि बिचाऱ्या मॉनिटरचाही नाही. दोष सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचा आहे. स्क्रीन जोडली जाणं आणि निघणं ही आपल्याकडे दिवसातून चार वेळा घडणारी गोष्ट. सॉफ्टवेअर मात्र असं लिहिलेलं असतं, जणू मॉनिटर एकदा लावला की तो दुकान विकेपर्यंत तिथंच राहणार. पुण्या-मुंबईच्या एसी ऑफिसात बसून लिहिलं की असं होतं. आणि आपण गिऱ्हाईक म्हणून कधी विचारत नाही, म्हणून ते तसंच चालतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवर अख्खा लेख? बघा, दुसरी स्क्रीन म्हणजे नुसती सोय नाही. काउंटरवर गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवलेली स्क्रीन हा विश्वासाचा मामला आहे. "मी काय टाइप करतोय ते तुम्हीही बघा" असं तुम्ही त्याला न बोलता सांगत असता. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. आधार नोंदणीच्या सामानात डोळ्याचं आणि बोटांचं मशीन जसं असतं, तसाच समोर बसलेल्या माणसाकडे वळवलेला एक वेगळा मॉनिटरही असावा लागतो. कशासाठी? तर ऑपरेटरनं ज्ञानोबाचं ज्ञानबा केलं, तर ते ज्ञानोबानं तिथल्या तिथं बघून सांगावं म्हणून. नाव एकदा चुकलं की पुढं बँक, रेशन, शाळा, सगळीकडे ते चुकतं, आणि दुरुस्तीसाठी गडी दिवसाची मजुरी बुडवून परत रांगेत उभा राहतो. म्हणजे त्या दुसऱ्या मॉनिटरचं काम शोभेचं नाही.

तीच गोष्ट सराफाच्या दुकानात, मेडिकलवर, मोंढ्यातल्या आडतीवर. गिऱ्हाइकाला आकडा दिसला की वाद कमी होतो. मग ती स्क्रीन ऐन गर्दीत काळी पडली, किंवा तिच्यावर भलतंच काही दिसायला लागलं, तर नुसता वेळ जात नाही. समोरच्याच्या मनात एक शंका राहते.

आता हे घडतं कसं ते समजून घेऊ. थोडं तांत्रिक आहे, पण समजलं की दुकानात बसल्या बसल्या निम्मे घोळ तुम्ही स्वतः सोडवाल.

एचडीएमआयच्या केबलला १९ पिना असतात. त्यातली शेवटची, एकोणिसावी पिन मुख्यतः एक काम करते : पलीकडे मॉनिटर आहे की नाही हे संगणकाला कळवायचं. आपल्याकडे होतं काय, की संगणक आणि त्याचा मुख्य मॉनिटर यूपीएसवर असतो आणि नंतर आणलेला दुसरा मॉनिटर बोर्डावरच्या साध्या प्लगवर. लाइट गेली की संगणक चालूच, पण दुसरा मॉनिटर मेला. बऱ्याच मॉनिटरच्या बाबतीत संगणकाला वाटतं, केबलच ओढली कुणीतरी. मग तो त्या स्क्रीनवरचं सगळं सामान उचलून उरलेल्या स्क्रीनवर आणून टाकतो. पाच मिनिटांनी लाइट येते, मॉनिटर जागा होतो, पण सामान आपापल्या जागी जाईलच याची खात्री नाही. डिस्प्लेपोर्टच्या केबलवर हे जास्त होतं. नुसतं मॉनिटरचं बटण दाबून तो बंद केला तरी होतं. जुन्या निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलवाल्यांना हा त्रास कमी, कारण तिथं मॉनिटर बंद झाल्याचा संगणकाला बहुधा पत्ताच लागत नाही. जुनं ते सोनं म्हणा हवं तर, पण ते अडाणीपणाचं सोनं आहे.

आता विंडो गायब का होते? विंडोजच्या दृष्टीनं तुमच्या सगळ्या स्क्रीन मिळून एकच मोठं अंगण आहे. मुख्य स्क्रीनचा डावा वरचा कोपरा म्हणजे शून्य. तुमची स्क्रीन १९२० बाय १०८० ची असेल, तर उजवीकडची दुसरी स्क्रीन १९२० पासून पुढं सुरू होते. डावीकडे लावली असेल तर तिथले आकडे उणे असतात, म्हणजे वजा १९२० पासून शून्यापर्यंत. आता बिलिंग सॉफ्टवेअर बंद होताना आपली जागा लिहून ठेवतं : "मी २२०० वर होतो." दुसऱ्या दिवशी तुम्ही दुकान उघडता, दुसरा मॉनिटर अजून लावलेला नाही, आणि सॉफ्टवेअर डोळे मिटून २२०० वर जाऊन बसतं. तिथं अंगणच नाही! ते चालू आहे, फक्त अशा ठिकाणी बसलंय जिथं कुणाची नजर पोचत नाही.

एक गंमत आणखी. विंडोजमध्ये एखादी विंडो खाली दाबून ठेवली की तिची जागा विंडोज वजा ३२००० अशी दाखवते, म्हणजे नजरेपासून कोसभर लांब. प्रोग्रामरनं न तपासता तोच आकडा लिहून ठेवला, तर ते सॉफ्टवेअर पुढच्या वेळी थेट तिथंच उघडतं. मग आपण म्हणतो व्हायरस आला, आणि फॉरमॅट मारायला पोराला पाचशे रुपये देतो. उघडण्याआधी "ही जागा आत्ता कुठल्या तरी स्क्रीनवर आहे का" एवढं एक वाक्य तपासलं असतं तर हे पाचशे वाचले असते.

आणि हे काही नवं शास्त्र नाही हो. ॲपलच्या मॅकिंतोश टू या संगणकाला १९८७ मध्ये एकापेक्षा जास्त स्क्रीन जोडता येत होत्या. विंडोज ९८ मध्ये ही सोय घरगुती संगणकावर आली, आणि कागदोपत्री तर नऊ स्क्रीनपर्यंत. पाव शतक उलटून गेलं. स्क्रीन जोडली किंवा निघाली की विंडोज चालू असलेल्या प्रोग्रामना निरोपही पाठवते, डब्ल्यूएम डिस्प्लेचेंज नावाचा. निरोप येतो, घेणारा कानावर हात ठेवून बसतो. म्हणून मी म्हणतो, हा आळस आहे.

या आळसाची किंमत काढायची असेल तर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कुठल्याही सेवा केंद्रावर जाऊन बसा. पीक विम्याची मुदत संपत आलेली, बाहेर रांग, आत उकाडा. बीड पॅटर्नमुळे आपल्या जिल्ह्याचं नाव पीक विम्याच्या चर्चेत देशभर घेतलं गेलं, पण तो विमा प्रत्यक्षात भरला जातो तो या काउंटरवर. एका स्क्रीनवर विम्याचं पोर्टल, दुसऱ्या स्क्रीनवर सातबारा, बँकेचं पासबुक आणि पेरणीचं स्वयंघोषणापत्र. दोन स्क्रीन असल्या की गट नंबर आणि खाते नंबर बघून बघून टाकता येतो, चूक कमी होते. खरीप २०२३ ला एक रुपयात विमा आला, तेव्हा एका अर्जामागे केंद्रचालकाला विमा कंपनीकडून ४० रुपये मिळत होते. आता हिशोब करा. लाइट गेली, आली, आणि अर्धवट भरलेला अर्ज एकीकडे, पासबुक भलतीकडे, स्कॅनरची विंडो गायब. नीट लावायला पाच मिनिटं गेली तर तेवढ्यात एक अर्ज झाला असता. दिवसात सहा वेळा झालं तर २४० रुपये गेले. आणि घाईत पासबुक एकाचं आणि अर्ज दुसऱ्याचा झाला, तर ज्याचं पीक गेलं त्याचे पैसे भलत्याच्या खात्यावर. तो शेतकरी मॉनिटरला जबाबदार धरणार नाही. तुमच्या दारात येईल.

मग सॉफ्टवेअरनं वागावं कसं? मला विचाराल तर आपल्या घरी पाहुण्याशी वागतो तसं. नेहमीचा पाहुणा आला की आपण विचारत बसत नाही. त्याची ठरलेली जागा असते, तो येऊन बसतो. अनोळखी माणूस आला की त्याला आधी ओसरीवर बसवतो, कोण-कुठले विचारतो, मग आत घेतो. थेट स्वयंपाकघरात कुणी नेतं का?

ओळखीची स्क्रीन परत आली की सगळं होतं तसं जागच्या जागी गेलं पाहिजे, न विचारता. संगणकाला ओळख पटवायची सोय आहे. प्रत्येक मॉनिटर जोडला गेला की स्वतःची कुंडली पाठवतो, त्याला ईडीआयडी म्हणतात : कंपनी, मॉडेल, किती बाय किती, सिरियल नंबर. अडचण एवढीच की स्वस्तातल्या काही मॉनिटरमध्ये सिरियल नंबर भरलेलाच नसतो. एकाच मॉडेलचे दोन आणले की जुळ्या भावांसारखा गोंधळ. म्हणून केबल नेहमी त्याच पोर्टात लावा. पोर्टावर आणि केबलवर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवा, म्हणजे साफसफाई करणाऱ्या पोरालाही कळतं.

अनोळखी स्क्रीन जोडली गेली, तर मात्र तिच्यावर काहीही दिसता कामा नये. कोरी स्क्रीन, आणि माझ्याकडे एक साधा प्रश्न : हिच्यावर काय दाखवू? यावर मी अगदी हट्टी आहे. कोचिंग क्लासमध्ये सर प्रोजेक्टरची केबल लावतात आणि भिंतीवर आधी काय उमटतं? सरांचं व्हॉट्सॲप. साठ पोरं हसतात, विषय संपतो. पण सेवा केंद्रात हसण्यावारी जात नाही. मॉनिटर परत जागा होताना दोन्हीकडे एकच चित्र असा प्रकार झाला, तर मागच्या माणसाचा बारा आकडी आधार नंबर, खात्यातली शिल्लक, जातीचा दाखला, सगळं पुढच्या रांगेला दिसतं. रांगेत कोण उभं असतं? त्याच गावचे लोक. भावकीतले लोक. कुणाच्या खात्यात किती आहेत हे भावकीला कळणं म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. देशात २०२३ साली व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा झालाय, पण कायद्याआधी ही माणसाच्या अब्रूची गोष्ट आहे.

काही जण याच्या उलट बोलतात, आणि त्यांचं म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखं नाही. ते म्हणतात, संगणकानं आपल्या मनानं विंडो हलवूच नयेत. माणसानं ठेवलंय तिथं राहू द्यावं. मला हे अर्धं पटतं. मॉनिटर बंद असताना तुम्ही एखादी विंडो हातानं हलवली असेल, तर मॉनिटर आल्यावर ती परत ओढून नेणं म्हणजे आगाऊपणा. तुम्ही हात लावला नसेल, तर मात्र ती परत गेलीच पाहिजे. माणसाचा शेवटचा हात खरा, एवढा नियम पाळला तरी पुरे.

विंडोज ११ मध्ये, म्हणजे ऑक्टोबर २०२१ पासून, मायक्रोसॉफ्टनं यातलं बरंच दुरुस्त केलंय, हे श्रेय द्यायला हवं. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग डिस्प्ले, मग मल्टिपल डिस्प्लेज. तिथं दोन चौकोन आहेत : एकानं कुठल्या मॉनिटरवर कुठली विंडो होती ते लक्षात ठेवलं जातं, दुसऱ्यानं मॉनिटर निघाला की त्याच्यावरच्या विंडो खाली दाबल्या जातात. बहुतेक संगणकांवर दोन्ही आधीपासून चालू असतात. पहिला ठेवाच. दुसऱ्याबद्दल माझं मत वेगळं आहे. गिऱ्हाइकाला दाखवायची विंडो खाली दाबली गेली तर ठीक. पण अर्धवट भरलेलं बिल खाली दाबलं गेलं, तर काउंटरवरच्या पोराला वाटतं ते बंदच पडलं. तो दुसरं बिल उघडतो, पहिलं तसंच राहतं, आणि संध्याकाळी साखरेचं एकच पोतं दोनदा विकलेलं दिसतं. ज्याच्यात काम अर्धवट आहे ती विंडो कायम समोर यायला हवी, आणि हे विंडोजला कळू शकत नाही. हे बिलिंग सॉफ्टवेअरवाल्यानंच करायचं काम आहे. विंडोज १० वाल्यांनी लक्षात घ्या, मायक्रोसॉफ्टनं त्याला १४ ऑक्टोबर २०२५ पासून आधार देणं थांबवलंय, तेव्हा तिथं सुधारणेची वाट बघू नका.

आता कामाची गोष्ट. नवीन सॉफ्टवेअर घेताना डेमोवाला येतो, लॅपटॉपवर भराभर दाखवतो, जीएसटी, स्टॉक, रिपोर्ट. सगळं छान. तो बोलत असताना तुम्ही म्हणा, माझ्या काउंटरवर, माझ्या दोन मॉनिटरवर दाखव. बिल अर्धं भरू द्या. मग दुसऱ्या मॉनिटरची केबल सरळ ओढून काढा. अर्धं बिल कुठं गेलं? समोर आलं का? आकडे तसेच आहेत का? दोन मिनिटांनी केबल परत लावा. गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर काय दिसतंय, फक्त बिल की तुमचा अख्खा डेस्कटॉप? मग सॉफ्टवेअर दुसऱ्या मॉनिटरवर ठेवून बंद करा, केबल काढा, आणि परत उघडा. उघडलं आणि समोर दिसलं तर पोरगं हुशार आहे. "सर, असं कुणी करत नाही" असं म्हणाला, तर त्याला म्हणावं, आमच्याकडे लाइटच करते. आणि पैसे खिशातच ठेवा.

फ्लेक्सवाल्यांना एक वेगळं सांगायचंय. आपल्या जिल्ह्यात वाढदिवसाच्या फ्लेक्सला मंदी नाही, त्यामुळं कोरलड्रॉवर दोन स्क्रीन घेऊन बसणारी पोरं प्रत्येक तालुक्याला आहेत. दुसऱ्या स्क्रीनवर रंगांच्या आणि टूलच्या पट्ट्या ठेवलेल्या असतात आणि मॉनिटर गेला की त्यांच्यासकट गेला. एफ ८ दाबून धरून कोरलड्रॉ उघडलं की सगळ्या पट्ट्या मूळ जागी येतात. पण मग तुमची स्वतःची मांडणीही जाते, म्हणून आपली मांडणी वेगळी सेव्ह करून ठेवा.

बाकीच्यांनी दोन किल्ल्या पाठ करा. विंडो हरवली की टास्कबारवर तिच्यावर क्लिक करून विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबा. दोन्ही स्क्रीन चालू असतील तर ती एकीवरून दुसरीवर उडी मारते. एकच स्क्रीन असेल, तर क्लिक केल्यावर आल्ट आणि स्पेस दाबा, मग एम, मग कुठलाही एक बाण, आणि माउस हलवा; विंडो माउसला चिकटून येते. आणि विंडोज आणि पी दाबलं की चार पर्याय येतात. गिऱ्हाइकाकडे तोंड असलेल्या स्क्रीनसाठी कायम एक्सटेंड. डुप्लिकेट कधीच नाही. यूपीएसची ताकद असेल तर दुसरा मॉनिटरही त्याच्यावरच घ्या, निम्मी कटकट मुळातच संपते.

आपल्यातलीच काही पोरं आता बिलिंगचं सॉफ्टवेअर स्वतः बनवून विकतायत, अंबाजोगाईत आहेत, बीडमध्ये आहेत. त्यांना माझं सांगणं आहे की मोठ्या कंपन्यांना जे सुचत नाही ते तुम्हाला दिसतंय, कारण तुम्ही त्याच फीडरवर बसलाय. उघडताना जागा तपासा. डब्ल्यूएम डिस्प्लेचेंज ऐका. गिऱ्हाइकाची स्क्रीन ही वेगळी विंडो ठेवा, तिच्यावर फक्त वस्तू, दर आणि बेरीज. बाकी काही तिथं जाण्याचा रस्ताच ठेवू नका. लॅपटॉप १५० टक्क्यांवर आणि बाहेरचा मॉनिटर १०० टक्क्यांवर असतो, तेव्हा अक्षरं फाटतात का तेही बघा. आणि डेमोला गेलात की गिऱ्हाइकानं सांगायच्या आधी तुम्हीच केबल ओढून दाखवा. माझ्या मते यापेक्षा चांगली जाहिरात तुम्हाला फुकटात मिळणार नाही.

जाता जाता, व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलंय की तीनशे-चारशेचा एचडीएमआय स्प्लिटर लावला तर चालेल का. दुकानाबाहेरच्या टीव्हीवर जाहिरात दाखवायची असेल तर खुशाल लावा. पण स्प्लिटर एकाच चित्राच्या दोन प्रती करतो, एका स्क्रीनवर आधार आणि दुसरीवर बेरीज असं त्याला जमत नाही. सेवा केंद्र, मेडिकल आणि पतसंस्थेवाल्यांनी तो घेऊ नये. संगणकाला मागं दुसरं पोर्ट आहे का ते बघा, बहुतेकांना असतं, धुळीनं भरलेलं असतं एवढंच.